फ्यूज चुकला की चिप फेकायची?

कलमवाला_देवगड
बागेतल्या पंपाच्या कंट्रोलरवर एटीमेगा३२८पी ही मायक्रोकंट्रोलर चिप आहे. खाऱ्या हवेने तिला क्लॉक (कामाचा ठेका) देणाऱ्या क्रिस्टलचे पाय गंजले, म्हणून चिपच्या आतल्याच ८ मेगाहर्ट्झ ऑसिलेटरवर जायचं ठरवलं. लो फ्यूज (चिपमधली सेटिंग, क्लॉक कुठून घ्यायचा ते यात ठरतं) हेक्समध्ये ई२ टाकायचा होता, लाईट जायच्या आत उरकायच्या घाईत ई० पडला. ई० म्हणजे बाहेरचा क्लॉक. तो कुठून येणार? यूएसबीएएसपी प्रोग्रामरला चिप उत्तरच देईना. दुकानदार म्हणाला, फेका.

फेकली नाही. दुसऱ्या आर्डुइनोच्या ९ नंबर पिनवर १ मेगाहर्ट्झची चौकोनी लहर काढली, वायर एक्सटाल१ ला, म्हणजे चिपच्या क्लॉक घेणाऱ्या पायाला लावली (चौरस ३२ पायांच्या चिपला पाय ७, लांबट २८ पायांच्या चिपला पाय ९), ग्राउंड जोडला. चिपची सिग्नेचर (ओळखीचा आकडा) आली, ई२ लिहिला. अशी चिप फेकणं मला तरी आळस वाटतो.

रिपेअर_रत्नागिरी
अभिनंदन. पण किती तास गेले, ते लिहिलं नाहीत!

कलमवाला_देवगड
अडीच. त्यातला दीड माझ्याच चुकीने. प्रोग्रामरचा वेग चिपच्या क्लॉकच्या पावपटीपेक्षा कमी लागतो, हे विसरलो होतो. एव्हीआरड्यूडला (प्रोग्रामर चालवणारं सॉफ्टवेअर) बी १० देऊन वेग कमी केला आणि चिप लगेच बोलली.

मालवणी_झील
मेल्या, एका चिपीसाठी अडीच तास कित्याक घालवतंस?

रिपेअर_रत्नागिरी
तेच. माझ्याकडे गिऱ्हाईक पंप बंद ठेवून बसलेलं असतं. सॉकेटमधली चिप उपटायची, नवी बसवायची, दहा मिनिटांत मोकळा.

कलमवाला_देवगड
सॉकेट असता तर वाद नव्हता. चिप बोर्डावर डाग दिलेली, वर लॅकरचा थर. हॉट एअर मारली की थर गेला, आणि पहिल्याच पावसाळ्यात बुरशी.

नवशिका_अलिबाग
चिप इरेज केली की सगळं मूळपदावर येतं ना?

रिपेअर_रत्नागिरी
नाही हो. इरेजने लॉक बिट (चिपचं कुलूप) आणि प्रोग्राम पुसला जातो, फ्यूज तसेच राहतात. आणि जी चिप ऐकतच नाही, तिला इरेज सांगणार कसं?

कलमवाले, क्लॉकच्या चुकीपुरतं तुमचं खरं. पण कुणी रीसेट डिसेबलचा (रीसेटचा पाय बंद करणारा) फ्यूज मारला असता तर? मग आयएसपी, म्हणजे बोर्डावरच चिप लिहायची नेहमीची पद्धत बंद, रीसेटला १२ व्होल्ट देऊन पॅरलल पद्धतीने लिहावं लागतं. त्याला डेटाचेच आठ पाय लागतात, वर कंट्रोलचे. बोर्डावर त्याच पायांवर रिले ड्रायव्हर बसलेले. पुलअपमधून १२ व्होल्ट पाच व्होल्टच्या लाईनकडे सरकले तर काय काय जळेल ते वेगळंच. तिथे वाचवायच्या गोष्टी करू नयेत.

कलमवाला_देवगड
मान्य. तो फ्यूज मी बापजन्मात मारणार नाही.

रिपेअर_रत्नागिरी
आणखी एक. आतल्या ऑसिलेटरचं कारखान्यातलं कॅलिब्रेशन दहा टक्क्यांपर्यंत चुकू शकतं. पंपाला चालेल. जीएसएम (मोबाइल नेटवर्कच्या) मॉड्यूलशी सिरीयलवर बोलायचं असेल तर वेग जुळायला नको?

कलमवाला_देवगड
काल लिहिलं नाही, पण मॉड्यूलकडून अर्धा कचराच येतोय. ऑसकॅलचा, म्हणजे आतल्या ऑसिलेटरचा वेग जुळवणारा आकडा थोडा थोडा बदलून बघतोय.

मालवणी_झील
म्हणजे अजून अडीच तास!