मुंबई विमानतळावरून रेल्वेगाडी कशी गाठलीत? तुमचे अनुभव लिहा

पुढच्या महिन्यात आई-बाबा संध्याकाळी सातला टी-2ला (विमानतळाच्या टर्मिनल 2ला) उतरणार आहेत आणि रात्रीच्या कोकणकन्या एक्सप्रेसने घरी जाणार आहेत. मी सोबत नाही. टॅक्सी करून देणं सोपं, पण त्या वेळेला पश्चिम द्रुतगती मार्गावर अडकलेल्या टॅक्सीत घड्याळ बघत बसणं काय असतं, ते मी दोनदा भोगलंय. म्हणून हा धागा काढलाय. मेट्रो, लोकल, बेस्टची बस यांनी जे खरोखर गेलेत त्यांनी लिहा. कोणत्या स्टेशनला गेलात, सामान किती होतं, कुठे अडलात, सगळं चालेल.

सुरुवात माझ्यापासून. तिकिटावर 'एलटीटी', म्हणजे लोकमान्य टिळक टर्मिनस होतं. सगळे त्याला कुर्ला टर्मिनसच म्हणतात, म्हणून मी मेट्रोने घाटकोपरला आले, लोकल पकडली आणि कुर्ल्याला उतरले. फलाटावर एका बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "अगं, ही गाडी इथे येत नाही, टर्मिनस वेगळं आहे." दोन बॅगा घेऊन पुलावर चढले, पूर्वेला उतरले, रिक्षा केली. गाडी मिळाली, पण डब्यात बसले तेव्हा हात थरथरत होते. लोकमान्य टिळक टर्मिनसला लोकलने जायचं तर जवळचं स्टेशन हार्बर लाइनवरचं टिळकनगर. आता मी घाटकोपरला उतरले की सरळ रिक्षा करते.

महिन्यातून एकदा नागपूर

कामामुळे माझी ही फेरी ठरलेली आहे. विमान टी-1ला, रात्री सीएसएमटीहून (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून) गाडी. पूर्वी रिक्षाने पार्ला (विलेपार्ले) स्टेशन, तिथून लोकलने दादर, दादरला पूल ओलांडून मध्य रेल्वे, पुन्हा लोकल. संध्याकाळी दादरच्या त्या पुलावर सुटकेस उचलून चालताना मागचा माणूस थांबत नाही आणि पुढचा सरकत नाही.

ऑक्टोबर 2025मध्ये भुयारी मेट्रो 3 कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली आणि माझं हे सगळं संपलं. टी-1 आणि टी-2 दोन्हींना स्वतंत्र स्थानकं आहेत, मध्ये फक्त सहार रोड स्थानक. बसलो की सीएसएमटीलाच उतरतो, गाडी बदलणं नाही. तिकीट 10 ते 70 रुपयांच्या दरम्यान. जमिनीखाली माझ्या फोनला रेंज नव्हती, त्यामुळे मोबाइलवर तिकीट काढायचं असेल तर वरच काढून ठेवा आणि थोडे सुटे पैसे जवळ असू द्या. ज्यांना खाली पोचल्यावर कुणाला फोन करायचाय त्यांनीही तो वरूनच करावा. घरचे उगीच काळजी करतात.

एक मात्र धरून चाला. सीएसएमटी मेट्रोतून बाहेर आलात म्हणजे गाडीपाशी आलात असं नाही. फलाट 1 ते 7 लोकलचे, लांब पल्ल्याच्या गाड्या 8 ते 18 वर. रस्त्याखालचा भुयारी मार्ग, मग लोकलचं अख्खं प्रांगण, मग आपला फलाट, आणि त्यात आपला डबा पार पुढे असला तर आणखी चाल. मी मेट्रोतून उतरल्यापासून डब्यात बसेपर्यंत अर्धा तास ठेवतो.

आईचे गुडघे

धागा काढणाऱ्या ताईंसाठी मुद्दाम लिहितेय, कारण गाडी दादरला पकडायची चूक मी आईसोबत केली.

माझा हिशेब असा होता की दादर आधी येतं, मेट्रो 3ला दादर स्थानक आहे, मग सीएसएमटीपर्यंत कशाला जायचं? पण मेट्रोचं दादर पश्चिमेला गोखले रोडवर आहे, रेल्वे स्टेशनात नाही. तिथून स्टेशनपर्यंत बाजारातून चालायचं. रिक्षा म्हणाल तर दादरला रिक्षाच नाहीत. वांद्रे आणि सायनच्या पुढे त्या येत नाहीत. टॅक्सीवाले एवढ्या जवळच्या भाड्याला तयार होईनात. आई दर वीस पावलांवर कुणाच्या तरी दुकानाच्या पायरीला टेकत होती आणि "चल गं, मी बरी आहे" म्हणत होती.

स्टेशनात शिरल्यावर पुढचा घोळ. डिसेंबर 2023पासून दादरचे फलाट सलग क्रमांकाचे झालेत, पश्चिम रेल्वेचे 1 ते 7 आणि मध्य रेल्वेचे 8 ते 14. आम्ही पश्चिमेकडून आलो, गाडी मध्य रेल्वेच्या फलाटावर, म्हणजे पूल आलाच. चढायला गर्दी, उतरायला गर्दी. आईने कठडा दोन्ही हातांनी धरला होता आणि एक एक पाय खाली टेकवत होती. एका मुलाने न विचारता आमची बॅग उचलली आणि फलाटावर नेऊन ठेवली. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं.

सीएसएमटी हे शेवटचं स्टेशन, रूळ तिथे संपतात. त्यामुळे कुठल्याही फलाटावर जायला पूल चढावा लागत नाही, प्रांगणातून सपाटीने चालत जाता येतं. गाडी तिथूनच सुटत असल्यामुळे ती बहुतेक वेळा आधी येऊन उभी असते, बसायला वेळ मिळतो. दादरला ती थोडा वेळ थांबते आणि तेवढ्यात डबा शोधायचा. वयस्क माणसांना थोडा वेळ जास्त बसू दे मेट्रोत, पण सीएसएमटीलाच ने.

वांद्रे टर्मिनसवाला

पश्चिम रेल्वेच्या बऱ्याच गाड्या वांद्रे टर्मिनसहून सुटतात आणि तेही वांद्रे लोकल स्टेशनपासून वेगळं आहे. टी-1ला उतरलो तर मी रिक्षाने पार्ल्याला जातो, धीमी लोकल पकडतो (जलद थांबत नाही), सांताक्रूझ, मग खार. खारच्या दक्षिणेकडच्या पुलावरून थेट टर्मिनसला उतरता येतं. लोकलचं किमान तिकीट 5 रुपये. एकच पाठपिशवी असेल तर याहून बरा रस्ता नाही. सामान जास्त असेल तर रिक्षाने सरळ टर्मिनस, तिथपर्यंत रिक्षा चालते.

ठाण्याहून चढणारी

मध्य रेल्वेच्या पुष्कळ गाड्या ठाण्याला किंवा कल्याणला थांबतात, मग उलट दक्षिणेला जायचंच कशाला? टी-2हून मेट्रो 3ने एक स्थानक, मरोळ नाका. तिथे गाडी बदलून मेट्रो 1ने घाटकोपर, आणि घाटकोपरला मेट्रोतून पुलाने थेट रेल्वे स्टेशन. मग लोकलने ठाणे. दुपारी हे फार छान जमतं.

संध्याकाळी सहा ते नऊ मात्र हा मार्ग घेऊ नका, अगदी कळकळीने सांगते. अख्खं अंधेरी आणि मरोळ त्या वेळेला कामावरून सुटून घाटकोपरकडे निघालेलं असतं. मी एकदा सुटकेस पायांत धरून उभी होते, घाटकोपरला लोंढ्याबरोबर बाहेर आले आणि सुटकेस आतच राहिली. दार बंद व्हायच्या आत एका बाईंनी ती पायाने बाहेर ढकलली. चाक तुटलं, पण कागदपत्रं वाचली. तेव्हापासून सामान पुढ्यात आणि पट्टा मनगटाला.

रात्री दीडला उतरलेला

त्या वेळेला काहीच नसतं. मेट्रो 3ची शेवटची गाडी साडेदहाच्या सुमारास सुटते, लोकलही रात्री एक ते पहाटे चार साधारण बंद. मी टी-2लाच बसून राहिलो आणि पहाटे रिक्षाने अंधेरीला जाऊन लोकल पकडली. एकटा होतो म्हणून चाललं.

आणखी एक. तुतारी एक्सप्रेस दादरहून मध्यरात्रीनंतर पाच मिनिटांनी सुटते. 14 तारखेच्या रात्री जायचं असेल तर तिकीट 15चं लागतं. माझ्या भावाने विमान 15च्या संध्याकाळचं काढलं आणि गाडीचं तिकीटही 15चंच. तो उतरला तोवर गाडी सावंतवाडीला पोचून कित्येक तास झाले होते. रात्री बारानंतरची गाडी असेल तर दोन्ही तिकिटं शेजारी ठेवून बघा.

बेस्टने जाणारी

विमानतळ परिसरातून अंधेरी पूर्वेला बेस्टच्या बस मिळतात. स्वस्त आहेत, कंडक्टर नीट सांगतात. मोठ्या बॅगेला जागा नसते आणि बसची वाट किती बघावी लागेल ते आधी कळत नाही. गाडीला चार तास असतील तर जरूर.

नागपूरवालाच, पुन्हा

25 डिसेंबर 2025पासून नवी मुंबई विमानतळावरूनही विमानं सुरू झालीत. नुसतं 'मुंबई' वाचून तिकीट काढू नका, विमानतळाचं नाव बघा. तिथे उतरणार असाल तर वरचं बरंचसं लागू नाही, पनवेलला थांबणारी गाडी बघा. कोकणच्या गाड्या तिथे थांबतातच.

धागा काढणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. आईचे गुडघे लिहिणाऱ्या ताई, तुमचा अनुभव मी बाबांना फोनवर वाचून दाखवला. कोकणकन्येचं तिकीट मी दादरपासून काढणार होते, आता सीएसएमटीपासूनच काढते. सातला उतरले, सामान मिळून आठला बाहेर आले, तरी नऊ-साडेनऊपर्यंत सीएसएमटीला पोचतील. गाडी अकरानंतर आहे.

बाबांनी एकच विचारलं, मेट्रोत बॅग कुठे ठेवायची. पुढ्यात ठेवा आणि पट्टा मनगटाला बांधा, असं सांगितलंय. आईचा फोन मात्र टी-2च्या दारातूनच यायला हवा, खाली रेंज मिळेल न मिळेल.