इन्शुलिन घेऊन वावरात जाणाऱ्या वडिलांच्या जेवणाची वेळ कशी बसवावी?

प्रश्न (यवतमाळ जिल्हा)
माझ्या वडिलांना डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ ३०/७० हे मिश्र ह्यूमन इन्शुलिन लिहून दिले आहे. सध्या कापूस वेचणी सुरू असल्यामुळे ते सकाळी सात वाजता घरीच इंजेक्शन घेतात, नुसता चहा पिऊन वावरात जातात आणि शिदोरी साडेनऊच्या आधी सोडत नाहीत. परवा नऊच्या सुमारास त्यांना दरदरून घाम फुटला आणि हात इतके थरथरू लागले की ओटीतला कापूस खाली सांडला. आता इंजेक्शन जेवणानंतरच घेईन, असे ते म्हणतात. तसे चालेल काय?

उत्तर (परिचारिका, ग्रामीण भाग)
ताई, ही लक्षणे रक्तातील साखर उतरल्याची वाटतात. ३०/७० मधला तीस टक्के भाग साध्या इन्शुलिनचा असतो. तो साधारण अर्ध्या तासात काम सुरू करतो आणि दोन ते चार तासांच्या दरम्यान त्याचा जोर सर्वाधिक असतो. म्हणजे बाबांच्या पोटात अन्न नसताना, आणि वर अंगमेहनत सुरू असताना, नेमका तो जोर येतो. जेवणानंतर इंजेक्शन घेतल्यास मात्र साखर आधी चढते आणि इन्शुलिनचा जोर मागाहून येतो, म्हणून तोही उपाय नव्हे. हे इन्शुलिन जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायचे असते. लिस्प्रो किंवा अस्पार्टसारखे जलद इन्शुलिन जेवणाच्या दहा-पंधरा मिनिटे आधी घेतात, त्यामुळे तसे इन्शुलिन घेणाऱ्या दुसऱ्या कोणाची वेळ बाबांना लावू नका.

पुन्हा असे झाल्यास ग्लुकोमीटरने तपासा. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल, किंवा यंत्र जवळ नसेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा आणि मग भाकर खाऊ घाला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका. १०८ ला फोन करा.

उत्तर (इन्शुलिन घेणारा शेतकरी, वर्धा जिल्हा)
आमच्या घरी भाकरीचे पीठ मळायला घेतले की मी इंजेक्शन घेतो. तवा तापून भाकरी शेकून ताटात येईपर्यंत अर्धा तास होतोच. मी घरी जेवूनच निघतो. शिदोरीतले थोडे अधूनमधून खातो, आणि साखरेची पुडी बंडीच्या खिशात असते, कारण धुऱ्यावर ठेवलेली पिशवी गरजेच्या वेळी हाताशी नसते. दिवसभर चालायचे असेल तर मांडीत टोचू नये, कारण हालचालीने तिथले इन्शुलिन लवकर शोषले जाते. पोटावर, जागा बदलत टोचावे. ३०/७० ची बाटली गढूळ असते, ती हलके हलके तळहातांवर फिरवून घ्यावी. खालचा साका तसाच राहिला तर साध्या इन्शुलिनचा जलद भाग आणि उरलेला संथ भाग यांचे प्रमाण बिघडते आणि वेळ नीट पाळूनही साखर वरखाली होते.

प्रश्नकर्ती
बाटली आम्ही फिरवत नव्हतो, हे आजच कळले. बाबा एकादशीला निरंकार उपवास करतात, त्या दिवशी काय करावे?

उत्तर (परिचारिका)
जेवणच नसताना नेहमीचा पूर्ण डोस घेणे फार धोक्याचे आहे, आणि मनाने डोस बंद करणेही बरोबर नाही. म्हणून एकादशीच्या आधीच डॉक्टरांना विचारून त्या दिवसाचा डोस कागदावर लिहून घ्या. निरंकार उपवास सोडावा, असे मी बाबांना आग्रहाने सांगेन. साबुदाण्याची उसळ आणि बटाटा खाल्ल्याने साखर बरीच चढते, त्यामुळे फराळ करायचा असेल तर तोही डॉक्टरांना सांगूनच ठरवावा. जाताना इंजेक्शनची वेळ, जेवणाची वेळ आणि प्रत्येक वेळची साखर लिहिलेली वही सोबत न्या. नऊ वाजता काय घडले तेही तिच्यात लिहा, कारण डोस कमी करायचा की फक्त वेळ बदलायची, हे डॉक्टर त्यावरूनच ठरवतील. तोपर्यंत बाबांना उद्यापासून इंजेक्शननंतर अर्ध्या तासात भाकर खाल्ल्याशिवाय वावरात पाठवू नका.