ऑनलाइन वर्गात विद्यार्थ्यांशी संवाद कसा साधावा?

प्रश्न: मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला अर्थशास्त्र ऑनलाइन शिकवते. बहुतेकांचे कॅमेरे बंद असल्यामुळे विषय कोणाला समजला आणि कोण मागे पडले, हे कळत नाही. आपण काय करता?

प्रतिसाद १: कॅमेऱ्याची सक्ती करू नये, कारण अनेकांच्या घरी एकच खोली आणि मोजका डेटा असतो. त्याऐवजी अधूनमधून चॅटमध्ये छोटा प्रश्न विचारावा.

प्रतिसाद २: गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर या शिक्षण-संशोधकांनी ऑनलाइन शिक्षणासाठी २००० साली मांडलेल्या चौकटीत अध्यापकाची, सहाध्यायांची आणि विचारप्रक्रियेची अशा तीन उपस्थिती सांगितल्या आहेत; आपण बहुधा केवळ पहिलीवर भर देतो. बाकीच्या दोन्हींसाठी चार-पाच जणांचे गट करून चर्चा घडवावी.

प्रतिसाद ३: माझ्या मते स्वाध्यायावरील व्यक्तिगत अभिप्राय सर्वांत मोलाचा आहे. विद्यार्थ्याच्याच उत्तरातील वाक्य घेऊन चूक समजावली, तर तो पुढे स्वतःहून शंका विचारू लागतो.