तेर्नाते आणि तिदोरे यांच्या वैरामागे केवळ लवंग होती का?

प्रश्न : इंडोनेशियाच्या मालुकू द्वीपसमूहातील ही दोन ज्वालामुखी बेटे समोरासमोर आहेत, दोन्हीकडे लवंगच पिकत होती आणि राजघराण्यांत सोयरीकही होत असे. मग दोन्ही सल्तनती पिढ्यान्‌पिढ्या का झगडल्या?

प्रतिसाद १ : माझ्या मते, आसपासच्या बेटांवर वर्चस्व कोणाचे, हा मूळ वाद होता, लवंगेने त्याला पैसा आणि परकी मित्र मिळवून दिले. १५१२ मध्ये आलेल्या पोर्तुगीजांना तेर्नातेने जवळ केले, म्हणून १५२१ मध्ये स्पेनने पाठवलेल्या मॅगेलनच्या ताफ्यातील उरलेली जहाजे आली तेव्हा तिदोरेने त्यांचे स्वागत केले. न उमललेल्या, उन्हात वाळवून काळपट झालेल्या त्या कळ्यांनी भरलेले ‘व्हिक्टोरिया’ पुढच्या वर्षी स्पेनला पोहोचले.

प्रतिसाद २ : यात गोव्याचाही संबंध येतो. पोर्तुगीजांनी तेर्नातेच्या सुलतान ताबारिजीला पदच्युत करून गोव्याला पाठवले आणि तेथे त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे १५७० मध्ये त्यांनी सुलतान हैरूनची हत्या केली, तेव्हा त्याचा मुलगा बाबुल्ला याने त्यांच्या किल्ल्याला वेढा घातला आणि १५७५ मध्ये त्यांना हुसकावून लावले. त्यांना आसरा मिळाला तो तिदोरेत!

प्रतिसाद ३ : शेवट मात्र फार क्लेशकारक आहे. १६५२ मध्ये डच कंपनीने तेर्नातेच्या सुलतानाशी करार केला आणि लवंगेचे पीक अंबोन बेटाच्या परिसरापुरते ठेवण्यासाठी त्याच्या मुलखातील झाडे तोडवली.