पोटऱ्यांतले पेटके आणि मॅग्नेशियम
रात्री पोटऱ्यांत पेटके येतात म्हणून साठी उलटलेल्या प्रत्येकाने मॅग्नेशियमची गोळी सुरू करावी, हे मत मला पटत नाही. वृद्धांच्या अशा पेटक्यांवर तिचा फारसा उपयोग होत नाही, असेच चाचण्यांत दिसले आहे. शाहूपुरीत राहणाऱ्या माझ्या आईचे मात्र वेगळे होते. आम्लपित्तावरची पँटोप्रॅझोलची गोळी ती सात वर्षे रोज उपाशीपोटी घेत असे. चहाची बशी धरताना तिचे हात थरथरू लागले आणि रक्तातले पोटॅशियम औषध देऊनही वाढेना, तेव्हा डॉक्टरांनी मॅग्नेशियम तपासले. ते कमी निघाले, कारण अशा गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास आतड्यातून त्याचे शोषण घटू शकते आणि त्याच्या कमतरतेत मूत्रावाटे पोटॅशियम वाहून जातच राहते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारा रक्तातला घटक, तपासल्याशिवाय मॅग्नेशियमची गोळी घेऊच नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.