ऐकू आलं तसं टाइप केलं : खान्देशातल्या एमटींनो, वह्या काढा

२००४ पासून सात वर्षं मी जळगावात मेडिकल ट्रान्सक्रिप्शन केलं, म्हणजे डॉक्टरांचं रेकॉर्ड केलेलं बोलणं ऐकून टाइप करायचं. हे काम करणारे ते एमटी. एका दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर बारा कॉम्प्युटर, कानाला हेडफोन, पायाखाली पेडल. अमेरिकेतले डॉक्टर दिवसा पेशंट तपासून बोलून ठेवायचे, तेव्हा आपल्याकडे रात्र. पेडल दाबलं की डॉक्टर बोलणार, पाय उचलला की गप्प. पैसे ओळीवर आणि ओळ म्हणजे स्पेस धरून ६५ अक्षरं. त्यामुळे न कळलेल्या एका शब्दासाठी पाच वेळा मागे जायचं म्हणजे पदरमोडच.

परवा कपाट आवरताना माझी शब्दांची वही सापडली. पहिल्याच पानावर लाल शाईत ‘ब्रुई’.

डॉक्टर म्हणायचे, ‘नो कॅरॉटिड ब्रुईज’. मी ‘ब्रूझ’ लिहायचे, म्हणजे मुका मार. मानेवर मुका मार नाही. मला त्यात काही खटकलंच नाही, म्हातारी माणसं, पडली-झडली असतील. दीड महिन्यानं क्यूएच्या, म्हणजे आमचं टाइप केलेलं तपासणाऱ्या, ताई मागे येऊन उभ्या राहिल्या. ‘काय गं, तुझे डॉक्टर पोलिसात आहेत का? ज्याच्या त्याच्या मानेवर मार शोधतात.’ खरा शब्द बी-आर-यू-आय-टी. मूळ फ्रेंच, म्हणून शेवटचा टी गिळायचा. मानेतली धमनी अरुंद झाली की तिथून जाणाऱ्या रक्ताचा स्टेथोस्कोपमध्ये फुसफुस आवाज येतो, तो ब्रुई.

त्याच वहीत एक ब्लँक, म्हणजे न कळलेल्या शब्दाची मोकळी जागा, अजून तसाच आहे. ऑपरेशनच्या नोटमध्ये, कातडी कापली की लगेच, एक डॉक्टर म्हणायचे, ‘अ व्हीटलँडर वॉज प्लेस्ड’. व्हीट म्हणजे गहू धरून मी शब्दकोशात डब्ल्यू-एचची पानं पालथी घातली. पेशंटची माहिती बाहेर जाऊ नये म्हणून आमच्या मशीनवर इंटरनेट नव्हतं, आणि जाडजूड शब्दकोश बारा जणांत दोन. ब्लँक सोडून फाइल पाठवली. वरच्यांनी तो भरला असणार, पण मला कोणी सांगितलं नाही. आहे कोणाला माहीत?

एमटीच नाही, सोनोग्राफीचे टायपिस्ट, सिस्टर, डॉक्टर, सगळ्यांनी आपापले असे किस्से इथे खाली लिहा. कंपन्यांची आणि दवाखान्यांची नावं मात्र नकोत.

धुळे, देवपूर. घरून काम

मी लग्नानंतर शिकले. ते लोडशेडिंगचे दिवस. बारा तासांत फाइल द्यायची आणि इन्व्हर्टर चालायचा जेमतेम दीड तास. मे महिन्यात घरचे सगळे गच्चीवर झोपायचे, मी खाली पंखा बंद करून कॉम्प्युटर जगवत बसायची. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी पारोळ्याला गेले तेव्हाही पेडल पिशवीत होतं. आजी म्हणाली, ‘पेडल शे, मशीन कोठे शे वं?’

माझा वैरी म्हणजे अ‍ॅबडक्शन आणि अ‍ॅडक्शन. पहिल्यात हात शरीरापासून लांब जातो, दुसऱ्यात जवळ येतो. नीट बोलणारे डॉक्टर ‘ए-बी-डक्शन’ असं अक्षर फोडून सांगतात. माझे डॉक्टर गाडी चालवता चालवता बोलायचे, इंडिकेटरची टिकटिक स्पष्ट, शब्द अस्पष्ट. मग मी खुर्चीतच हात उचलून बघायची. खांदा नव्वद अंशांपर्यंत, असं पुढे आलंय. नव्वद अंशांपर्यंत जवळ कसा आणणार? म्हणजे ए-बी. नवऱ्याला वाटायचं, ही रात्री दोनला व्यायाम करते.

आणि आयलियम! देवनागरीत लिहून ठेवला तर काडीचा उपयोग नाही, दोन्ही आयलियमच. इंग्रजीत मधे ई असेल तर लहान आतड्याचा शेवटचा भाग, आय असेल तर कमरेचं हाड. मी ‘ईट’चा ई म्हणजे खाणं, म्हणजे आतडं, अशी खूण धरली. अजून पाठ आहे, काम सोडून नऊ वर्षं झाली तरी.

भुसावळ. सोनोग्राफी सेंटरमधला टायपिस्ट

मी एमटी नाही, पण दुखणं तेच. आमचे सर मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवतात. मागे मालगाडीचा हॉर्न असतोच. हायपोएकोइक म्हणजे आजूबाजूपेक्षा काळपट, हायपरएकोइक म्हणजे पांढरट. हॉर्नमध्ये ‘पो’ काय आणि ‘पर’ काय. लिव्हरमधली छोटी, पांढरट, गुळगुळीत कडांची गाठ बहुतेक वेळा हिमॅन्जिओमा निघते, रक्तवाहिन्यांचा निरुपद्रवी गुंता. मी तिला एकदा काळी करून टाकली. सरांनी सही करताना पकडली, नाहीतर त्या बाईंची मुंबईची फेरी पक्की होती. तेव्हापासून सर प्रत्येक वेळी सांगतात, ‘हायपर, पांढरा, भो.’ नवीन आलेल्या पोरानं ‘भो’सकट ते इंग्रजीत टाइप केलं, ती प्रिंट मी जपून ठेवली आहे.

दुसरं दुखणं ‘नो’चं. बटण दाबायच्या आत सर बोलायला लागतात, आणि ‘नो एव्हिडन्स ऑफ’मधला नो हवेत जातो. वाक्य ‘एव्हिडन्स ऑफ’नं सुरू झालं की मी उठून विचारायला जातो. सर चिडतात. चिडू दे.

अमळनेर

माझं एवढंच. ट्रेनिंगचा दुसरा आठवडा, ‘स्टेटस पोस्ट कॅबेज टाइम्स थ्री’. पेशंटनं तीनदा पत्ताकोबी खाल्ली असं समजून वाक्य उचलून ‘डाएट’खाली ठेवलं. ‘स्टेटस पोस्ट’ म्हणजे अमुक होऊन गेलेलं, आणि कॅबेज म्हणजे सी-ए-बी-जी, हृदयाची बायपास. टाइम्स थ्री म्हणजे तीन ग्राफ्ट, जोडलेल्या रक्तवाहिन्या.

मूळची चाळीसगावची, आता पुण्यात. दहा वर्षं क्यूए

वरच्या ताईंना मागून टोमणा मारणाऱ्या जमातीतली मी. आमचीही बाजू ऐका.

शब्द चुकला तर वाक्य ओरडून सांगतं की काहीतरी बिनसलंय. आकडा आणि औषध ओरडत नाहीत. फिफ्टीन आणि फिफ्टी, दोन्ही मिलिग्रॅम वाक्यात गुण्यागोविंदानं बसतात. म्हणून मी मुलींना सांगायची, डॉक्टरांनी ‘वन-फाइव्ह’ असं फोडून म्हटलं नसेल तर त्याच पेशंटचा जुना रिपोर्ट उघडा. औषधांच्या नावांचा घोळ तर खुद्द तिकडच्यांनाही झेपला नव्हता. अ‍ॅसिडिटीचं लोसेक आणि लघवी वाढवणारं लॅसिक्स यांची इतकी अदलाबदल व्हायला लागली, की १९९० मध्ये अमेरिकेत लोसेकचं नाव बदलून प्रायलोसेक करावं लागलं. हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या तिथल्या जॉइंट कमिशननं २००४ मध्ये तर वापरूच नयेत अशा संक्षेपांची यादी काढली. युनिटसाठी नुसता ‘यू’ लिहायचा नाही, तो शून्यासारखा दिसतो. आकड्यानंतर पॉइंट शून्य द्यायचा नाही, कारण टिंब पुसट झालं की एकाचे दहा होतात. डॉक्टर तोंडानं ‘क्यू-डी’ म्हणाले तरी आम्ही ‘डेली’ लिहायचो.

कानाचं म्हणाल तर मराठी कान काही वाईट नाही. ‘जाळं’मधला ज वेगळा आणि ‘जीव’मधला वेगळा, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. डिसफेजियात जीवमधला ज, म्हणजे गिळायला त्रास. डिसफेझियात तो घासून येतो, म्हणजे बोलायला त्रास. लकव्याच्या पेशंटला दोन्ही असू शकतं, तिथे मात्र संदर्भही मदत करत नाही.

आता तक्रार. मी होते त्या कंपनीत प्रत्येक ब्लँकला गुण कापायचे. चुकीच्या शब्दाला मात्र तो पकडला गेला तरच. मग ब्लँक सोडणार कोण? नवीन मुली जवळपासचा शब्द ठोकून मोकळ्या व्हायच्या. मी हे तीन मीटिंगांत मांडलं, तिन्ही वेळा चहा छान होता.

नंदुरबार. डॉक्टर

कबूल करतो, मी भजी खात डिक्टेशन दिलेलं आहे. टायपिस्टनं ‘पेशंट ॲडव्हाइज्ड’च्या पुढे जागा सोडून पेन्सिलीनं ‘कुरकुर’ असं लिहून पाठवलं होतं.

पण आम्हीही ऐकणारेच की. कोल्हापूरकडचा एक इंटर्न आला होता. एक बाबा त्याला सांगत होते, ‘पोटमा गोया उठस.’ यानं विचारलं, कोणत्या गोळ्या, किती दिवसांपासून? बाबा गोंधळले, हा केसपेपरवर ‘नाव माहीत नसलेल्या गोळ्या चालू’ असं लिहून मोकळा. आपल्याकडे अहिराणीत ळचा य होतो, डोळ्याचा डोया, केळीची केयी. बाबांच्या पोटात गोळा उठत होता. तपासलं तर हर्निया. धडगाव-अक्कलकुव्याकडून भिली, पावरी बोलणारे पेशंट येतात तेव्हा तर मीच इंटर्न असतो, बरोबर आलेल्या पोराच्या तोंडाकडे बघत बसायचं.

यावल. अजून याच धंद्यात

आता आधी मशीन लिहितं, आम्ही दुरुस्त करायचं. दर उतरला, काम वाढलं. मशीन कधी ब्लँक सोडत नाही, हीच पंचाईत. माणसानं ठोकून दिलेलं वाक्य वाचताना लंगडतं तरी, मशीनचं सुरेख वाचलं जातं. गेल्या महिन्यात पाऊल लुळं पडलेल्या पेशंटची नोट होती. गुडघ्याखालून जाणारी पेरोनियल नर्व्ह दबली की असं होतं. मशीननं लिहिलं पेरिनियल, म्हणजे दोन मांड्यांच्या मधली जागा. स्पेलिंग बरोबर, व्याकरण बरोबर, नस भलत्याच गावात. डोळे त्यावरून दोनदा घसरले. तिसऱ्यांदा मी स्क्रीन बंद करून नुसतं ऐकलं, मग सापडलं.

शिरपूर. ओटी असिस्टंट

जळगावच्या ताई, तुमचा शब्द डब्ल्यू-ईमध्ये शोधायचा होता. वीटलेनर, डब्ल्यू-ई-आय-टीनं सुरू होतो, जर्मन आडनाव आहे. कात्रीसारखं धरायचं अवजार, पुढे वाकडे दात. जखमेच्या कडा ताणून धरतं आणि खाचेत अडकून तसंच राहतं, कोणाला हात लावून उभं राहावं लागत नाही. आमच्याकडे दोन आहेत. एकाची खाच झिजली आहे, मधेच सुटतं, मग सर माझ्यावर ओरडतात. तुमचा गहू मी रोज धुतो.