मदत हवी आहे : दात्याचं हाड बसवायचंय, कोणते कागद मागू?

नमस्कार मंडळी. इंदूरहून, रामबागेतून लिहितेय. आमच्या आत्याच्या खुब्याचं दुसऱ्यांदा ऑपरेशन आहे. जुना सांधा ढिला झालाय, भोवतीचं हाड झिजलंय. तिथे मृत दात्याचं, बँकेतून आणलेलं हाड भरणार म्हणे. आत्याचा पहिला प्रश्न, "कुणाचं रे ते?" तो सोडा, माझा वेगळा आहे.

अवयव प्रत्यारोपणाचा १९९४ चा कायदा आधी फक्त अवयवांसाठी होता. २०११ च्या दुरुस्तीने हाड, त्वचा, कॉर्निया, हृदयाच्या झडपा या ऊतीही (टिश्यू) त्यात आल्या आणि ऊतीपेढीला, म्हणजे अशा ऊती साठवणाऱ्या बँकेला, नोंदणी सक्तीची झाली. २०१४ चे नियमही आहेत. इथवर वाचलंय. पण हॉस्पिटलच्या अंदाजपत्रकात नुसतं "बोन ग्राफ्ट" आणि पुढे रक्कम! पेढीचं नाव नाही, नोंदणी क्रमांक नाही. काउंटरवर विचारलं तर "डॉक्टरसाहेबांना विचारा", आणि साहेब राउंडवर.

पाकिटावरचा लॉट नंबर, मुदत, दात्याच्या एचआयव्ही-काविळीच्या तपासण्यांचा दाखला, हे लेखी मागितलं तर देतात का? डिस्चार्ज कार्डावर ते स्टिकर चिकटवून घेतलंय का कुणी? अनुभव असेल तर सांगा. पुढच्या सोमवारी भरती आहे, आणि आत्या रोज बॅग भरून परत उपसतेय.